बारा फुटांचं घर

मुलांनो, भर दुपारी बारा वाजता, बाहेर रणरणतं ऊन असताना, कुणी घरातल्या अंधारात पाय घसरून पडल्याचं कधी ऐकलंय?

आमच्या सासूबाई पडल्या. देवाला नैवेद्य दाखवायला माजघरात गेल्या. तिथं एक बारकी पायरी आहे, ती दिसली नाही. ताट एकीकडं, त्या एकीकडं. उजवा हात मनगटात मोडला. दीड महिना प्लॅस्टर होतं. त्या दिवशी वीज गेली होती, एवढंच निमित्त. वीज असती तर दिवा असता, दिवा असता तर पायरी दिसली असती.

हात बरा झाला, पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. घराबाहेर एवढं लखलखीत ऊन, आणि घरात त्यातलं मूठभरही का येत नव्हतं?

पुढं जुनं घर उतरवून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर आम्हांला शोधावंच लागलं. ते शोधताना माझ्या वर्गातल्या मुलांनी मला खूप मदत केली. त्याचीच ही गोष्ट. आज ना उद्या तुमच्याही घरी ‘घर बांधायचं’ हा विषय निघेल. तेव्हा तुम्हांला चार शब्द बोलता यावेत, म्हणून सांगते.

घरं लांबुळकी का होतात?

मुरगूड हे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातलं, वेदगंगा नदीजवळचं छोटं शहर. शहराला नगरपरिषद आहे, पण जुन्या वस्तीतल्या गल्ल्या अजून गावासारख्याच. भिंतीला भिंत लागलेली घरं. पुढं कट्टा, मग सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी परडं. आगगाडीचे डबे जोडावेत तशा एकामागं एक खोल्या.

पूर्वी घर ‘खणां’त मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. आमचं मूळ घर सहा खणांचं, छत्तीस फूट रुंद होतं. पुढं तीन भावांच्या वाटण्या झाल्या. आता सांगा बरं, छत्तीस फूट रुंद आणि पंचेचाळीस फूट लांब जागा तिघांत कशी वाटाल?

आडवी वाटली तर एकाला गल्लीची बाजू मिळेल, दुसऱ्याला नुसता मधला तुकडा आणि तिसऱ्याला नुसतं परडं. मधल्यानं घरात शिरायचं कुठून? म्हणून वाटणी नेहमी उभीच होते. प्रत्येकाला गल्लीवर दार हवं, प्रत्येकाला मागं परडं हवं. अशानं तिघांच्याही वाट्याला बारा बाय पंचेचाळीसची एकेक पट्टी आली. म्हणजे ५४० चौरस फूट. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा असतो. आमची जागा अर्ध्या गुंठ्यालाही चार-साडेचार फूट कमीच!

हे फक्त आपल्याकडंच घडतं असं समजू नका. व्हिएतनामच्या हनोई शहरात जुन्या बाजारपेठेतली घरं इतकी अरुंद आणि लांब आहेत, की त्यांना ‘नळीघरं’ म्हणतात. जपानमधल्या क्योटो शहरातल्या अशा घरांना लोक गमतीनं ‘ईल माशाचं अंथरूण’ म्हणतात. ईल म्हणजे आपल्या वामसारखा लांबडा मासा. नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमला कालव्याकाठची जुनी घरं इतकी चिंचोळी, आणि त्यांचे जिने इतके अरुंद, की कपाट-पलंग जिन्यावरून वर जातच नाही. म्हणून घराच्या माथ्यावर पुढं आलेल्या तुळईला आकडा बसवलेला असतो. त्याला दोर लावायचा आणि सामान खिडकीतून आत घ्यायचं! रस्त्यावरची जागा सगळ्यांनाच हवी असते, म्हणून जगभर घरांची तोंडं बारीक आणि अंगं लांब झाली.

फक्कीचं घर

घराचा नकाशा करायला आम्ही रीतसर इंजिनियरकडं गेलो. त्यांनी नकाशा काढून दिला, पण कागदावरचा नकाशा वाचणं सोपं नसतं. ‘८ बाय १०’ हे आकडे वाचून खोली केवढी ते कळतं का हो?

मग मी एक युक्ती केली. चौथीच्या वर्गाला ‘लांबी-रुंदी’ शिकवायचीच होती. मापाची टेप, दोरी आणि फक्की घेऊन आम्ही मैदानावर गेलो. कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी फक्की हो. बारा बाय पंचेचाळीसचा आयत आखला. मुलं म्हणाली, “बाई, हे तर लई मोठं हाय!”

“थांबा,” म्हटलं, “अजून भिंती कुठं आहेत?”

दोन्ही बाजूंच्या भिंती प्रत्येकी नऊ इंच जाडीच्या. नऊ आणि नऊ अठरा, म्हणजे दीड फूट गेला. आत उरले साडेदहा फूट. मग एक मुलगा पलंग झाला, म्हणजे आडवा झोपला. त्याच्याभोवती सहा बाय तीनची रेघ मारली. दोघी कपाट झाल्या. एकजण हात पसरून दार उघडू लागला, तर ते कपाटाला अडलं! सगळे खो-खो हसले. पण कागदावर ते दार कुणालाच अडताना दिसलं नव्हतं, बरं का.

सगळ्यांत मोठा घोळ जिन्यानं घातला. तुम्हीही गणित करून पाहा. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत उंची दहा फूट, म्हणजे १२० इंच. एकेक पायरी साडेसात इंच उंच धरली तर किती वेळा पाय उचलावा लागेल? १२० भागिले साडेसात, म्हणजे सोळा वेळा. सोळावं पाऊल थेट वरच्या मजल्यावर पडतं, म्हणून पायऱ्या पंधरा. प्रत्येक पायरीवर पाऊल नीट मावायला निदान दहा इंच जागा हवी. पंधरा दाहे दीडशे इंच. म्हणजे सरळ जिना साडेबारा फूट लांब!

एवढी लांबी दिली तर मधल्या सगळ्या खोल्यांचा जिना होणार. तोच जिना मध्ये वळवून दोन तुकड्यांत केला तर? प्रत्येक तुकड्यात सात पायऱ्या, आणि मध्ये वळायला एक चौकोनी टप्पा. पायऱ्यांचे सत्तर इंच, टप्प्याचे तेहतीस. झाले एकशेतीन, म्हणजे साधारण पावणेनऊ फूट. रुंदी मात्र दुप्पट लागते. पावणेतीन फुटांच्या दोन पट्ट्या, साडेपाच फूट. साडेदहातून साडेपाच गेले, राहिले पाच.

हे उरलेले पाच फूट लक्षात ठेवा. पुढं तेच कामाला येणार आहेत.

उजेड किती लांब चालतो?

नकाशात सोप्याच्या मागं एक खोली होती, तिच्यामागं दुसरी, मग जिना, मग स्वयंपाकघर. इंचभरही जागा वाया गेलेली नव्हती. सासूबाईंची खोली मधली. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना जिना नको, खालीच हवं.

फक्कीच्या घरात त्या मधल्या खोलीत एक मुलगी बराच वेळ मांडी घालून बसली होती. ती म्हणाली, “बाई, हिला खिडकी कुठं हाय?”

मी पाहिलं. खरंच, कुठं असणार? उजवी भिंत एका दिराची, डावी भिंत दुसऱ्याची. पुढं खोली, मागं खोली. म्हणजे सासूबाईंना आम्ही पुन्हा त्याच अंधारात नेऊन बसवत होतो, फक्त नव्या भिंतींच्या!

आता एक साधं माप सांगते. घरं बांधणारे लोक अंदाजासाठी ते वापरतात. खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, तिच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत दिवसाचा उजेड कामापुरता पोचतो. त्यापुढं तो थकतो. खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल तर उजेड चौदा-पंधरा फूट आत येतो.

आता घर पंचेचाळीस फूट लांब. पुढून पंधरा फूट उजेड, मागून पंधरा फूट उजेड. पंचेचाळीसमधून तीस गेले, किती उरले? पंधरा. हे मधले पंधरा फूट म्हणजे आमचं जुनं माजघर. देवघर तिथंच, धान्याची कणगी तिथंच, बाळंतिणीची खाटही तिथंच आणि ती पायरीही तिथंच! उजेड न येण्याचं कारण एवढं सोपं होतं. पुढची-मागची खिडकी कितीही रुंद केली तरी मधला अंधार हलणार नव्हता. उजेड बाजूनं येत नसेल, तर तो वरूनच आणायला हवा होता.

वाड्यातली जुनी युक्ती

ही युक्ती काही नवी नव्हे. आपल्या जुन्या वाड्यांत मधोमध चौक असतो, तो तुम्ही पाहिला असेल. चारी बाजूंनी सोपे आणि मध्ये उघडं आभाळ. वाडा बाहेरून किल्ल्यासारखा बंद, पण चौकामुळं आतल्या खोल्यांना उजेड-वारा मिळायचा. क्योटोच्या त्या ‘ईल माशाच्या अंथरुणा’तही मध्ये चटईएवढी बाग सोडलेली असते.

पण वाडा मोठा. बारा फुटांत चौक परवडतो का?

यावर दोन घरांची गोष्ट सांगते. पहिलं जपानमधलं. ओसाका शहरात सुमियोशी नावाच्या भागात तादाओ आंदो यांनी १९७६ साली एक घर बांधलं. आंदो पूर्वी मुष्टियुद्ध खेळायचे. वास्तुकलेचं शिक्षण त्यांनी कुठल्या कॉलेजात घेतलं नाही, पुस्तकं वाचून आणि इमारती बघत हिंडून ते शिकले. हे घर सुमारे ३.३ मीटर रुंद आणि १४ मीटर लांब. फुटांत सांगायचं तर जवळजवळ अकरा बाय सेहेचाळीस. म्हणजे आमच्या मुरगूडच्या पट्टीचं जुळं भावंडच! आंदोंनी त्याचे तीन सारखे भाग केले आणि मधला भाग चक्क उघडा ठेवला. वर छप्पर नाही, फक्त आभाळ. घराला रस्त्याकडं एक दार, खिडकी एकही नाही. तरी आत लख्ख उजेड. फक्त एक पंचाईत झाली. एका खोलीतून दुसरीकडं जायला अंगणच ओलांडावं लागतं. पाऊस असला की स्वतःच्याच घरात छत्री!

दुसरं घर आपल्या देशातलं. चार्ल्स कोरिया हे मोठे भारतीय वास्तुकार. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आहे, तिच्या इमारतीही त्यांनीच योजल्या. तर १९६१-६२ मध्ये कोरियांनी अहमदाबादला एक नळीसारखं घर बांधलं. रुंदी साधारण बारा फूट, लांबी साठ. अहमदाबादचा उन्हाळा कसा असतो ते ठाऊकच आहे. कोरियांनी छत उतरतं केलं आणि सर्वांत उंच जागी एक फट ठेवली. गरम हवा हलकी असते, ती छताला घासत वर वर जाते आणि त्या फटीतून बाहेर पडते. तिची जागा घ्यायला पुढच्या दाराजवळच्या झडपांतून ताजी हवा आत येते. पंखा नाही, वीज नाही, तरी घर आपलं आपण श्वास घेतं. ते घर आता उभं नाही, १९९५ मध्ये पाडलं गेलं. पण त्याची युक्ती कुणाला पाडता येते?

बुटाच्या खोक्यातला प्रयोग

गोष्ट ऐकून विश्वास ठेवायचा नाही, करून बघायचं, असं मी वर्गात नेहमी सांगते. मग आम्ही बुटाची दोन खोकी आणली. दोन्हींना पुढं आणि मागं खिडक्या कापल्या. एकाच्या झाकणाला मधोमध चौकोनी भोक पाडलं, दुसऱ्याचं झाकण तसंच ठेवलं.

खोकी उन्हात ठेवली आणि खिडकीतून आत डोकावलो. बंद झाकणाच्या खोक्यात मधला भाग काळोखा. भोकाच्या खोक्यात ठेवलेलं आगपेटीचं चित्रसुद्धा स्पष्ट दिसत होतं. मग मी पेटती उदबत्ती पुढच्या खिडकीशी धरली. बंद खोक्यात धूर आत गेला आणि घोटाळत राहिला. भोकाच्या खोक्यात तो आत शिरला, मधोमध गेला आणि भोकातून सरळ वर निघाला. मुलं ओरडली, “बाई, चूल!” बरोबर. चुलीच्या धुराड्याचं जे काम, तेच चौकाचं.

मग प्रश्न आला, जिना कुठल्या बाजूला आणि चौक कुठल्या? आमच्या घराचं तोंड पूर्वेला. म्हणजे एक लांब भिंत दक्षिणेची, एक उत्तरेची. मुरगूड सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीला मात्र तो दुपारीसुद्धा दक्षिणेकडं कललेला असतो, क्षितिजापासून साधारण पन्नास अंशांवर. कोनमापक लावून टॉर्च तशी धरली. चौक उत्तरेला ठेवला, तर दक्षिणेकडच्या जिन्याचं गच्चीवर निघणारं छप्पर आडवं येत होतं आणि हिवाळ्याचं ऊन अडत होतं. चौक दक्षिणेला आणि जिना उत्तरेला ठेवला, तर ऊन चौकातून तिरपं उतरून जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर येत होतं. ठरलं! चौक दक्षिणेला. आणि भिंतींना पांढरा रंग, म्हणजे ऊन वरच थांबलं तरी उजेड भिंतींवर उड्या मारत खालपर्यंत येईल.

आभाळाला भाड्यानं देणार व्हय?

तुम्हांला वाटेल, एवढं सगळं कळल्यावर घरात सगळे लगेच ‘हो’ म्हणाले असतील. छे!

जिन्याशेजारचे ते उरलेले पाच फूट आठवतात ना? पाच रुंद, नऊ लांब, पंचेचाळीस चौरस फूट. तिथं धान्याची खोली होणार होती. मिस्त्री म्हणाले, “बाई, जागा मिळंना झालीय आन् तुम्ही मोकळी सोडताय? आभाळाला भाड्यानं देणार व्हय?” माझ्या मालकांनाही ते पटलं होतं. ते म्हणाले, “राधानगरीकडनं पाऊस सुरू झाला की चार-चार दिवस थांबत नाही. घरात तळं करायचं का?” त्यांचंही खोटं नव्हतं. आपल्याकडच्या पावसात ओसाकाचं घर चालणार नाही.

पैशांचाही प्रश्न होता. कर्ज काढलेलं. चौक सोडायचा म्हणजे एक खोली कमी, आणि लेकीला अभ्यासाला वेगळी खोली द्यायचं मी कबूल करून बसले होते. ती तेव्हा पाचवीत होती. दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तोंड उघडलं. मोडलेल्या मनगटावरून दुसरा हात फिरवत त्या म्हणाल्या, “माझं सारं आयुष्य त्या माजघरात गेलं. तांदूळ निवडायचा तर सूप घिऊन कट्ट्यावर यायचं. आता म्हातारपणी दिवसा बत्ती लावून बसायला मी काय पोल्ट्रीतली कोंबडी हाय व्हय?”

सगळे हसलो, पण हसता हसता गप्प झालो.

मी कागद घेतला आणि मालकांना गणित दाखवलं. एकूण जागा ५४०. चौक ४५. पाचशेचाळीस भागिले पंचेचाळीस, बारा. म्हणजे बाराव्या हिश्शाची जागा आपण ‘वाया’ घालवणार. त्या बदल्यात सासूबाईंची खोली, स्वयंपाकघर, जिना आणि वरच्या दोन खोल्या, एवढ्यांना उजेड आणि वारा. लेकीनं आपला प्रश्न स्वतःच सोडवला. ती म्हणाली, “मला खोली नको, जिन्याचा वळायचा टप्पा जरा रुंद करा, मी तिथंच बसते.” टप्पा वाढवायला तीन इंचच मिळाले. पण त्याच्याजवळ भिंतीत एक फळी आणि पुस्तकांचा कोनाडा बसला.

पावसावर तोड मिस्त्रींनीच काढली. चौकावर पारदर्शक पत्रा, पण गच्चीच्या कठड्याला चिकटून नाही, दीड फूट उंच. चारी बाजूंना पत्रा दोन-दोन फूट बाहेर आलेला, आणि मधल्या फटीला जाळी. पाऊस बाहेर, उजेड आत, गरम हवा बाहेर. भाड्याची चेष्टा करणारा माणूसच पुढं म्हणू लागला, “चौक माझ्या डोक्यातनं निघालाय.” निघू दे बापडं!

घर उभं राहिलं

शेवटी नकाशा असा ठरला. मनातल्या मनात गल्लीतून आत या. तीन फुटांचा कट्टा. मग अकरा फुटांचा सोपा. मग आठ फुटांची सासूबाईंची खोली, तिच्या बाजूनं तीन फुटांचा बोळ. मग नऊ फुटांत चौक आणि जिना. मग नऊ फुटांचं स्वयंपाकघर. शेवटी पाच फुटांचं परडं, त्यात न्हाणी आणि संडास. बेरीज करा. पंचेचाळीस भरतात की नाही?

सासूबाईंच्या खोलीची खिडकी चौकात उघडते. स्वयंपाकघराला दोन्हीकडून उजेड येतो, चौकातून आणि परड्यातून. घरात कुठंही एकटी पायरी ठेवली नाही. फरशी पुढपासून मागपर्यंत सपाट, फक्त न्हाणीला थोडा उतार.

दोन गोष्टी मात्र घरच्या घरी ठरवायच्या नसतात, हे लक्षात ठेवा. एक म्हणजे परवानगी. पुढं-मागं किती जागा सोडायची, किती मजले चढवायचे, याचे नियम असतात. नगरपरिषदेकडून नकाशा मंजूर करून घ्यावाच लागतो. आणि दुसऱ्याच्या जागेत उघडणारी खिडकी आपण ठेवायची नसते. दुसरी गोष्ट म्हणजे मजबुती. खांब कुठं, सळ्या किती, पाया किती खोल, हे इंजिनियरच सांगणार. शेजारच्या जुन्या भिंतीवर आपली तुळई टेकवून चार पैसे वाचवू नयेत. ती भिंत शेजाऱ्याची असते आणि तिचं वयही झालेलं असतं.

गच्चीचं पाणी आम्ही टाकीत घेतलं. त्याचंही सोपं गणित आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमची गच्ची तीनशे चौरस फुटांची, म्हणजे सुमारे अठ्ठावीस चौरस मीटर. दहा मिलिमीटरची एक सर आली की दोनशेऐंशी लिटर! भांडी-धुणी-झाडांना तेवढं पुष्कळ होतं.

सगळं छानच झालं असं मात्र सांगणार नाही. चौकातून उजेड जातो तसा आवाजही जातो. खाली टीव्ही लावला की वर अभ्यास होत नाही. मिरचीची फोडणी दिली की वास धुराड्यासारखा वर चढतो आणि वरून ठसका लागल्याचा आवाज येतो. वळवाच्या पहिल्या वादळी पावसात जाळीतून पाणीही आत आलं. मग पश्चिमेच्या बाजूनं पत्रा आणखी एक फूट वाढवावा लागला. घर बांधून झाल्यावरही ते शिकवतच राहतं.

पण परवा दुपारी वीज गेली होती. मी शाळेतून लवकर आले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत आले, तर सासूबाई चौकात पाट टाकून बसलेल्या. पुढ्यात सूप. तांदळातला खडा त्यांनी उचलला, बोटाच्या टोकावर धरून बघितला आणि बाजूला टाकला. वर टप्प्यावर लेक पुस्तक वाचत होती. वीज गेल्याचं दोघींच्या ध्यानातही नव्हतं!

तुम्ही करून पाहा

१. तुमच्या घराची लांबी आणि रुंदी मोजा. दारापासून आत किती फुटांवर दिवसा पुस्तक वाचता येईनासं होतं, तिथं खडूनं रेघ मारा. खिडकीच्या वरच्या कडेची उंची मोजा. ते अंतर उंचीच्या दुप्पट भरतं का?

२. घरातला सर्वांत अंधारा कोपरा शोधा. तिथं कोण जास्त वेळ असतं ते वहीत लिहा. पुष्कळदा ती आजी असेल, नाहीतर स्वयंपाक करणारी आई.

३. पेटती उदबत्ती घेऊन मोठ्या माणसाबरोबर खोल्यांतून फिरा. धूर कुठं वाहतो, कुठं नुसता थांबतो ते पाहा. पडदे आणि कपडे यांपासून उदबत्ती लांब धरा, बरं का.

४. घर बांधणं आपल्या हातात नसतं, पण खिडकीपुढचं कपाट हलवणं असतं! पायरीच्या कडेला पांढरी रंगाची पट्टी ओढणंही असतं. आमच्या जुन्या माजघरातल्या पायरीला तशी बोटभर पट्टी असती, तर सासूबाईंचा हात मोडला नसता. ते सुचायला आम्हांला नवं घर बांधावं लागलं. तुम्ही आजच ओढा.